मोठ्यांसाठी हृदय-विच्छेदन

तो माझा विद्यार्थी होता. दुसऱ्या वर्षाला असताना बेडकाच्या पोटावर पहिली चीर द्यायच्या आधीच चक्कर येऊन पडला होता, आणि आम्ही त्याला बाकावर आडवा करून तोंडावर पाणी मारलं होतं. पुढे त्याने प्राणिशास्त्राचा नाद सोडला. आता तो लोकांची लग्नं, कंपन्यांची स्नेहसंमेलनं, नव्या गाड्यांची उद्घाटनं असं सगळं भरवून देतो. धंदा चांगला चालतो म्हणे. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत तो आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी आला, पाया पडला, चहा घेतला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही परत शिकवायला हवं."

"कुणाला?" मी विचारलं. मला निवृत्त होऊन बराच काळ झाला होता आणि माझी आठवण काढत कुणी येईल अशी माझी अपेक्षा उरली नव्हती.

"मोठ्यांना."

मग त्याने सविस्तर सांगितलं. शहरात विज्ञान महोत्सव भरणार होता. दिवसा शाळांच्या सहली, प्रदर्शनं, व्याख्यानं वगैरे नेहमीचं. पण एक संध्याकाळ फक्त अठरा वर्षांपुढच्यांसाठी ठेवायची, असं आयोजकांनी ठरवलं होतं आणि ती भरवायचं काम याच्याकडे होतं. "लोकांना कुतूहल असतं हो मॅडम. शाळेत नुसतं पाठ केलं, नंतर कुणी काही दाखवलंच नाही. त्यांना स्वतःच्या हाताने करून बघायचंय." त्याला माझ्याकडून बकऱ्याच्या हृदयाचं विच्छेदन हवं होतं. प्रत्येक टेबलावर एक हृदय, भोवती चार-पाच माणसं. मी सांगत जायचं, त्यांनी कापत जायचं.

आमचे हे पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "आणि आदल्या दिवशी ती हृदयं ठेवायची कुठे?"

"सर भारी बोलतात," तो हसला. ह्यांनी विनोद केला नव्हता.

मी हो म्हटलं. मला विच्छेदन शिकवायला आवडायचं, ही गोष्ट आता चारचौघांत बोलायची सोय राहिलेली नाही. कॉलेजांतून ते बंद झालं, आणि बरंच झालं. इतके बेडूक, इतकी झुरळं मारायची, आणि निम्मी मुलं नुसती जर्नल पुरं करण्यासाठी चिरणार. पण हृदयाचं तसं नाही. बकरा कुणीतरी खाण्यासाठी कापलेलाच असतो. ते उघडलं की आत, झडपांच्या खाली, पांढऱ्या बारीक दोऱ्या दिसतात. तंबूला ताण द्यावा तशा त्या झडपांना खालून ओढून धरतात. त्या पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा मला बघायचा असायचा. अखंड बडबडणारी मुलंही तिथे गप्प व्हायची, आणि मग कुणीतरी हळूच विचारायचं, "मॅडम, आपल्यातही अशाच असतात?" या प्रश्नासाठी मी इतकी वर्षं नोकरी केली असं म्हटलं तरी चालेल. मोठ्या माणसांकडूनही तो ऐकायला मिळेल, असं मला वाटलं.

हृदयं आणायला मी स्वतः गेले. मटणाच्या दुकानदाराला आधी सांगून ठेवलं होतं. इतकी एकदम कशाला, म्हणून त्याने विचारलं, मी शिकवायला म्हटल्यावर त्याने मान डोलावली आणि वरच्या नळ्या न कापता ठेवून दिली. आमच्या घरात अंडंही शिजत नाही, त्यामुळे फ्रीजचा प्रश्नच नव्हता. ह्यांनी माळ्यावरून सहलीचा जुना बर्फाचा डबा काढला, धुतला, बाल्कनीत ठेवला आणि त्यावर 'उघडू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. घरात आम्ही दोघंच. ही चिठ्ठी कुणासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, "माझ्यासाठी."

कार्यक्रम हडपसरला होता. एक बंद पडलेला कारखाना विकत घेऊन कुणीतरी त्याच्या शेडला आतून काळा रंग दिला होता, वर पिवळे दिवे सोडले होते, आणि आता तिथे असले समारंभ होत. मी संध्याकाळी लवकर पोचले. दारातच एक मुलगी सगळ्यांना पातळ प्लास्टिकचे पांढरे कोट वाटत होती. तिने मलाही एक दिला. मी माझा कापडी ॲप्रन घरून आणला होता. तो बघून ती म्हणाली, "वॉव, ऑथेंटिक."

आत गेले आणि पहिला वास आला तो गोड धुराचा. कुठलंसं यंत्र जमिनीलगत धूर सोडत होतं आणि त्याला स्ट्रॉबेरीचा वास लावलेला होता. त्यात दारूचा वास, आणि पलीकडे शेगडीवर पनीर आणि कोंबडी भाजत होती त्याचा वास. एका लांब टेबलावर दारू चंचुपात्रांतून देत होते आणि निळं, हिरवं काहीतरी परीक्षानळ्यांतून. आयुष्यभर मी मुलांना सांगत आले की प्रयोगशाळेत तोंडाला काही लावायचं नाही, आणि इथे माणसं परीक्षानळ्या घशात उपड्या करत होती आणि एकमेकांचे फोटो काढत होती. एका कोपऱ्यात एक तरुण संशोधक ताऱ्यांबद्दल काही सांगत होता. मुलगा मनापासून बोलत होता. त्याच्यासमोर बसलेल्या बारा-पंधरा माणसांपैकी निम्मी पाठमोरी होती, कारण मागे त्याच्या स्लाइडचा उजेड फोटोला छान पडत होता.

माझ्या टेबलांच्या वर लाल अक्षरांत 'दिल खोल के' असं पेटवलं होतं. खाली माझा फोटो. कॉलेजच्या निरोप समारंभातला, काठपदराच्या साडीतला. तो बघून मला क्षणभर बरं वाटलं होतं, हेही खरं आहे.

"मॅडम, हे कानाला लावा," माझा विद्यार्थी म्हणाला आणि त्याने गालापर्यंत येणारा एक बारीक माइक माझ्या कानामागे अडकवला. त्याची पेटी माझ्या कमरेला खोचली. "तुम्ही नुसतं बोलत राहा. बाकीचं आमचा निवेदक सांभाळेल."

हा निवेदक म्हणजे सोनेरी कोट घातलेला एक तिशीतला माणूस. वाक्याची सुरुवात मराठीत करायचा, मधे इंग्रजीत जायचा आणि टाळ्या घ्यायला हिंदीत यायचा. त्याने माझी ओळख करून दिली ती अशी: "यांनी थर्टी इयर्स लोकांची दिलं तोडली आहेत." सगळे हसले. मी नमस्कार केला आणि सुरुवात केली.

मी म्हटलं, हृदय हातात घ्या. लगेच चिरू नका, आधी बोटांनी दाबून बघा. एक बाजू मऊ लागेल, एक घट्ट. घट्ट आहे ती डावी, कारण तिला रक्त सगळ्या अंगभर ढकलायचं असतं. हे वाक्य पुरं होईपर्यंत पहिल्या टेबलावरच्या मुलाने वरच्या नळीत दारूची स्ट्रॉ खुपसली होती आणि तो फुंकत होता. हृदय जरासं फुगलं, की सगळे ओरडायचे. दुसऱ्या टेबलावर एका मुलीने गुडघा टेकून बसलेल्या मुलासमोर हात पुढे केला होता, आणि तो तिला अंगठी द्यावी तसं हृदय देत होता. फोटो नीट आला नाही म्हणून त्यांनी ते परत केलं. मग परत. तिचे हातमोजे रक्ताळले तेव्हा तिने ते त्याच्या प्लास्टिकच्या कोटाला पुसले, त्याचाही फोटो झाला. कुणी हातमोजे फुगवून गायीचं आचळ केलं होतं. एकाला उमासे आले, तर त्याच्या मित्रांनी त्याला आधार द्यायच्या आधी फोन काढले.

मी झडपांबद्दल, त्यांच्या दोऱ्यांबद्दल बोलत राहिले. गाणी इतक्या मोठ्याने लावली होती की माझा माइक चालू आहे की बंद, हे मलाच कळत नव्हतं. आता डावीकडून उभी चीर द्या, असं मी म्हटलं तेव्हा बहुतेक टेबलांवर हृदयाचे आधीच तुकडे झालेले होते. कुठेही धरून, कसंही, कांदा चिरावा तसं. मी टेबलाटेबलावर जाऊन म्हणत होते, "अहो, थांबा, आत बघा ना जरा." एक जण मला म्हणाला, "बघितलं ना मॅडम, मीटच आहे." तो चांगला शिकलेला, चाळिशीचा, स्वच्छ दाढी केलेला माणूस होता. माझं अर्धं आयुष्य फॉर्मॅलिनच्या वासात गेलं, मला रक्तामांसाची किळस अशी कधी आली नाही. पण त्या माणसाच्या बोटांची आली, एका बोटाने तो तुकडा ढकलत होता आणि दुसऱ्या हाताने पीत होता.

नंतर बघते तर एक टोळकं एक हृदय उचलून भाजण्याच्या शेगडीकडे निघालेलं. शेगडीवरचा माणूस नको नको म्हणत होता. मी मधे गेले आणि हात पुढे केला.

"द्या इकडे."

"चिल मॅडम. प्रोटीन आहे. वेस्ट कशाला करायचं?"

"तुम्ही ते मघाशी जमिनीवर पाडलंय. मी बघितलं. द्या."

त्याने दिलं, आणि मागे वळून मित्रांना माझी नक्कल करून दाखवली. मला ती दिसली. चांगली केली होती.

सगळं आवरून निघावं असं मनात येत होतं. पण शेवटच्या टेबलापाशी एक बाई उभी होती. पस्तिशीची असेल, साधा सलवार-कुर्ता, खांद्यावर पर्स घट्ट धरलेली. तिच्या टेबलावरची बाकीची मंडळी केव्हाच पांगली होती आणि तिच्यासमोरचं हृदय मी सांगितलं होतं तसं, डावीकडून एकाच सरळ चिरेने उघडलेलं होतं. तिने आत बोट घातलेलं नव्हतं. ती वाकून बघत होती. तिच्या मागे दोन पावलांवर तिचा नवरा खिशात हात घालून भलतीकडेच बघत उभा होता.

"मॅडम," ती म्हणाली, "हे दोरे दिसून राहिले, तेच ना तुम्ही सांगितलेले?"

"तेच," मी म्हटलं. त्या सगळ्या गोंधळात माझं बोलणं कुणीतरी ऐकलं होतं. मला एकदम खुर्चीत बसावंसं वाटलं.

"यांचं ऑपरेशन झालं जी, मागच्या वर्षी. इथलंच काहीतरी बदललं." तिने नवऱ्याकडे मान केली. "लहानपणी सांधे सुजायचे, ताप यायचा, त्यानं खराब झालं म्हणे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, पण मला काही समजलं नाही. कंपनीत या कार्यक्रमाचे पास वाटले, त्याच्यावर हार्ट लिहिलेलं पाहिलं, म्हणून मीच यांना घेऊन आली."

ते यवतमाळकडचे. तो हडपसरच्याच एका कारखान्यात होता. मी तिच्या शेजारी उभी राहिले, चिमट्याने झडपेचे दोन्ही पडदे उचलले आणि दाखवले. रक्त इथून खाली येतं, मग हे दोन पडदे मिटतात, म्हणजे ते परत वर जात नाही. आजारात हे जाड होतात, चिकटतात, नीट मिटत नाहीत. मग डॉक्टर हे कापून काढतात, आणि या गोल कडेला, असं बोट फिरवून मी दाखवलं, सगळीकडून टाके घालून नवी झडप शिवतात.

"शिवतात?"

"हो, सुईदोऱ्यानेच."

ती कितीतरी वेळ त्या कडेकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, रात्री मला आवाज येते. टिक टिक करते. यांना सवय झाली, मला झोप लागत नाही. मी ऐकत राहते. वाटते, थांबला तर काय करू."

मी तिला सांगितलं, "ती धातूची झडप आहे, मिटताना वाजते. वाजतेय म्हणजे मिटतेय. काम चाललंय तिचं. आवाजाला घाबरू नका."

"म्हणजे वाजते तेच चांगलं?"

"तेच चांगलं."

इतकं झालं आणि माझ्या लक्षात आलं की शेडमध्ये शांतता आहे. गाणी थांबलेली होती. पुढच्या कार्यक्रमासाठी मंचावर काहीतरी हलवत होते, आणि आमचं दोघींचं बोलणं माझ्या गालावरच्या माइकमधून चारी बाजूंच्या भोंग्यांतून सगळ्यांना ऐकू जात होतं. 'तेच चांगलं' हे माझे शब्द मी स्वतः छपराखाली घुमताना ऐकले. लोक आमच्याकडे बघत होते. कुणीतरी "ऑ" असं केलं, लहान बाळाला बघून करतात तसं.

सोनेरी कोटवाला धावत आला. "गाइज, गाइज, ही आहे रिअल लव्ह स्टोरी. दादा, इकडे या ना. कुठे लपलात?"

तो नवरा मागे सरकला. निवेदकाने त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला दिव्याखाली आणलं. "दादा, फक्त एकदा. सगळ्यांना ऐकायचंय. शर्टवरूनच." आणि त्याच्या होकाराची वाट न बघता हातातला माइक त्याच्या छातीला लावला.

आवाज आला. टिक. टिक. टिक. स्वच्छ, बारीक, एखाद्या लहान घड्याळासारखा, आणि भोंग्यांमुळे पार वरच्या पत्र्यापर्यंत. क्षणभर खरंच सगळे गप्प झाले. मला वाटलं, निदान आता तरी. मग कुणीतरी त्या ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागलं. बघता बघता सगळी शेड त्या माणसाच्या काळजाच्या ठेक्यावर टाळ्या देऊ लागली. ज्याचं ते काळीज होतं, तो हसत होता. चारचौघांत पँट फाटली तर माणूस हसेल, तसं. त्याच्या ठोक्यांची गती वाढली, मग टाळ्यांचीही वाढली, आणि लोकांना त्याची फारच मजा वाटली. त्याची बायको माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्या ॲप्रनची बाही धरली होती, हे मला नंतर, रक्ताचा डाग बघून कळलं.

मी पुढे जाऊन त्या निवेदकाचं मनगट धरलं.

"काढ तो माइक."

"मॅडम, वन मिनिट..."

"काढ म्हणते ना."

माझाही माइक चालूच होता, त्यामुळे माझा आवाज जो काही आला, तो वर्गातल्या आवाजाच्या कितीतरी पट आला. मी वळून त्या सगळ्यांना म्हटलं, "तुम्हाला प्रत्येक टेबलावर एकेक हृदय दिलं होतं. उघडलंत, पण आत कुणी बघितलं नाही. एकट्या या बाईंनी बघितलं. त्यांनी प्रश्न मला विचारला होता, तुम्हाला नाही. लाज वाटत नाही? त्या माणसाला जाऊ द्या."

यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी हे कितीही वेळा आठवलं तरी त्या टाळ्या मला तशाच ऐकू येतात. त्या मला गप्प करण्यासाठी नव्हत्या. त्यांना माझं बोलणं आवडलं होतं. मागून एका मुलीने शिट्टी मारून म्हटलं, "मॅम, यू आर फायर." मी रागावणं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. मी कानामागचा तो माइक ओढून काढला आणि टेबलावरच्या ट्रेमध्ये, जिथे ते कालवलेले तुकडे होते, तिथे टाकला.

ती दोघं दाराकडे निघाली होती. मी मागोमाग गेले, पण माझे हात भरलेले, कुणाला हात लावायची सोय नव्हती. पार्किंगमध्ये तो मोटरसायकलला किल्ली लावत होता आणि बायकोकडे न बघता म्हणत होता, "झालं ना पाहून? झालं ना समाधान?" मला बघून तिने मान हलवली आणि मागे बसली. मी त्याला म्हटलं, "माफ करा हो." तो म्हणाला, "तुमचं काय त्यात," आणि गेला.

आत येऊन मी उरलेलं सगळं गोळा केलं. टेबलाखालून, खुर्च्यांवरून, एक तुकडा परीक्षानळ्यांच्या स्टँडमध्ये खोचलेला. माझा विद्यार्थी आला, त्याचा चेहरा उजळलेला होता. "मॅडम, काय मोमेंट होता. आम्ही ठरवून असा करू शकलो नसतो."

"तू तेव्हा चक्कर येऊन पडलास ते बरं केलंस," मी म्हटलं. "निदान तुला काहीतरी झालं होतं."

त्याला ते कळलं नाही, किंवा त्याने कळू दिलं नाही. त्याने मला घरी सोडायला गाडी दिली. घरी हे जागे होते. कसं झालं, विचारलं. मी म्हटलं, "घाण." त्यांनी पुढे काही न विचारता गीझर लावला. मी न्हाऊन घेतलं, पण तो स्ट्रॉबेरीचा धूर दुसऱ्या दिवशीही केसांतून गेला नव्हता.

आठवडाभराने त्या बाईचा फोन आला. माझा नंबर तिने कार्यक्रमवाल्यांकडून मिळवला होता. त्या संध्याकाळची चित्रफीत त्यांनी सगळीकडे टाकली होती. आधी त्याच्या छातीला लावलेला माइक, टाळ्या, मग माझं ओरडणं, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. कारखान्यात सगळ्यांनी पाहिली. "यांना आता टिकटिक म्हणतात जी. मशीनवर उभे असले की बाजूचे लोक तोंडानं आवाज काढतात. साहेबांनी विचारलं, तुझं ऑपरेशन झालं हे आधी सांगितलं होतं का. यांनी सांगितलं होतं. तरी विचारलं." ती रडत नव्हती. "ते काढता येईल का, एवढंच पाहा."

मी त्याच दुपारी बाणेरला माझ्या विद्यार्थ्याच्या ऑफिसात गेले. काचेची खोली, मधे टेबल टेनिसचं टेबल. तो मीटिंगमध्ये होता. मी थांबते म्हटलं. कॉफी आणली, मी घेतली नाही. शेवटी तो बाहेर आला.

"मॅडम, फोन करायचा ना."

"ती चित्रफीत काढ."

"मॅडम, ती आपली सगळ्यात जास्त बघितली गेलेली आहे. आणि तुमच्याबद्दल लोक किती छान लिहितायत, वाचलंत का तुम्ही?"

"त्या माणसाने तुला परवानगी दिली होती?"

"पासाच्या मागे लिहिलेलं असतं मॅडम, की शूटिंग होईल."

"मी तुला परवानगी विचारली. पासाला नाही."

तो म्हणाला की क्लायंटला विचारावं लागेल, उद्या कळवतो. मी म्हटलं, "मला घाई नाही," आणि तिथल्याच एका मऊ खुर्चीत बसून राहिले. त्याच्याकडची मुलं येता-जाता माझ्याकडे बघत होती. त्यातल्या एकीने मला ओळखलं आणि हळूच फोन वर केला. मी तिच्याकडे नुसतं बघितलं, तिने तो खाली घेतला. अंधार पडायच्या सुमाराला तो परत आला, माझ्या समोर बसून त्याने ती काढली आणि मला फोन दाखवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या हातून एक चांगली वस्तू एका हट्टी म्हातारीमुळे गेली, एवढंच दुःख होतं.

तोवर लोकांनी तिच्या प्रती करून ठेवल्याच होत्या. त्यांचं कुणी काय करणार. मी तिला फोन करून झालं तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "काढलं ना, बस झालं. तुम्ही एवढ्या दूर गेल्या." मग म्हणाली, नवरा आता रात्री पंखा मोठा करून झोपतो, थंडी असली तरी. घरातसुद्धा तो आवाज कुणाला ऐकू नये म्हणून. काही दिवसांनी त्याने दुसऱ्या कारखान्यात नोकरी धरली, चाकणला, आणि ती दोघं तिकडे राहायला गेली. त्यानंतर तिचा फोन आला नाही. माझ्या मनात अनेकदा येतं, पण मीही केला नाही. माझा आवाज ऐकला की तिला ती शेडच आठवणार.

गेल्या वर्षी महोत्सवाच्या आधी माझ्या विद्यार्थ्याने फोन केला. जणू मधे काही घडलंच नव्हतं. मोठ्यांची संध्याकाळ पुन्हा होती. "या वेळी कापाकापी नाही मॅडम. तुम्ही फक्त यायचं आणि रागवायचं. लोक बालिशपणा करणार, तुम्ही त्यांना झापायचं. गेल्या वेळसारखं. लोकांना तेच हवंय." मी फोन ठेवला. तो मेसेजवर विचारत राहिला, मग थांबला.

थोड्या दिवसांनी हे पेपर वाचता वाचता थबकले आणि त्यांनी पान घडी करून मांडीखाली घेतलं. मी म्हटलं, दाखवा. त्यांनी नाइलाजाने दिलं. महोत्सवाची जाहिरात होती. एक नटी, साठीची दिसावी म्हणून केसांना पांढरा रंग लावलेली, काठपदराची साडी, त्यावर पांढरा ॲप्रन, डोळे वटारलेले, हातात पट्टी. वर लिहिलं होतं, 'खडूस मॅडमची लॅब'. खाली, फक्त मोठ्यांसाठी.

"खटला भरायचा का?" ह्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

"कशाचा? माझं नाव कुठेय त्यात?"

तो कार्यक्रम झाला. गर्दी झाली, असं आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाने सांगितलं, तो मित्रांबरोबर गेला होता. मी त्याला विचारलं, काय दाखवलं तिथे? तो आठवू लागला. त्या बाई फार मस्त ओरडतात काकू, म्हणाला, सगळे हसून हसून मेले. मी म्हटलं, ते कळलं, पण दाखवलं काय? त्याने बराच विचार केला, आणि त्याला काही आठवलं नाही.